‘पण हात तर गरम लागतोय’

‘पेशंट ब्रेन डेड आहे’ असं डॉक्टरांनी आयसीयूच्या दारात सांगितलं की घरच्यांच्या तोंडून सहसा पहिलं वाक्य निघतं ते हे: ‘पण हात तर गरम लागतोय.’ ते वाक्य खोटं नसतं. हात गरमच असतो. मॉनिटरवर नाडी दिसत असते, छाती वर-खाली होत असते, खाटेला लटकवलेल्या पिशवीत लघवी जमत असते. माणूस गेल्याच्या ज्या खुणा आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होत्या, म्हणजे नाकाशी धरलेलं सूत हलत नाही, अंग गार पडतं, हातपाय ताठतात, त्यांतली एकही इथे दिसत नाही. वर सलाइन चालू, इंजेक्शनं चालू, नर्स दर तासाला येऊन आकडे लिहून घेते. एवढं सगळं डोळ्यांसमोर चालू असताना ‘तो गेला’ यावर विश्वास न ठेवणाऱ्याला अडाणी म्हणणं मला तरी जमत नाही.

डॉक्टरांचा हा निर्णय न मानलेल्या कुटुंबांचं हे पुस्तक. कोणी कोर्टात गेलं, कोणी दुसऱ्या राज्यात गेलं, आणि बहुतेक जण काहीच न करता ‘अजून दोन दिवस बघू’ म्हणत पॅसेजमध्ये सतरंजी टाकून बसून राहिले. या वादात डॉक्टर बरोबर होते की घरचे, याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. वैद्यकीय बाजू कुठे पक्की आहे आणि कुठे नाही ते मी सांगेनच. पण वाचत गेलो तसं मला एक गोष्ट पटत गेली: हे भांडण वरवर मेंदूविषयी दिसतं, त्याचं मूळ मात्र बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. मृत्यू कधी जाहीर करायचा, कशासाठी करायचा आणि कोणाच्या सहीनं, याची आपण जी व्यवस्था लावून ठेवली आहे तीच संशय पिकवते.

आधी शरीरात काय घडतं ते. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागतो, किंवा रक्तदाब चढून मेंदूत रक्तस्राव होतो. मेंदूला सूज येते. इतर अवयवांना सुजायला जागा असते, मेंदूला नसते, कारण कवटी ताणत नाही. आतला दाब वाढत वाढत रक्तदाबाच्या वर गेला की मेंदूकडे रक्त चढणं बंद होतं. मेंदूचा तळाचा भाग, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, कवटीच्या खालच्या छिद्राकडे ढकलला जाऊन चिरडतो. श्वास घेण्याचा हुकूम तिथून सुटतो. तो सुटायचा थांबला की एरवी काही मिनिटांत हृदयही थांबलं असतं आणि वादाला जागाच उरली नसती. पण घशातल्या नळीतून व्हेंटिलेटर हवा भरत असतो, आणि हृदयाला धडधडायला मेंदूची परवानगी लागत नाही. त्याची विजेची व्यवस्था त्याच्यापाशीच आहे. प्राणवायू पोचतोय तोवर ते चालत राहतं.

म्हणजे हा मृत्यू यंत्रामुळे जन्माला आला. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्याला छिद्र पाडून नळीवाटे हवा भरायला सुरुवात केली. वैद्यकीचे विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस रबरी पिशव्या दाबत बसले. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली. सात वर्षांनी पॅरिसच्या मोलारे आणि गुलाँ या डॉक्टरांनी २३ पेशंटांचं वर्णन छापलं. कोमाच्याही पलीकडची ही अवस्था आहे, असं त्यांनी म्हटलं. तिला मृत्यू मात्र म्हटलं नाही.

मृत्यू म्हणायची वेळ आली ती हृदयप्रत्यारोपणानंतर. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये क्रिस्तियान बर्नार्डनं पहिलं हृदय बदललं. अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली; पेशंट काही तासच जगला. परळसारख्या ठिकाणी, महापालिकेच्या इस्पितळात, जगाबरोबर पावलं टाकणारी ही माणसं होती, आणि त्यांच्या पाठीशी मेंदूच्या मृत्यूविषयी एका ओळीचाही कायदा नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्वर्डच्या समितीनं, हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली, मृत्यूचे नवे निकष मांडले. समितीनं कारणं लपवली नाहीत. एक, अशा पेशंटांचा भार घरच्यांवर, इस्पितळांवर आणि खाटांवर पडतो. दोन, मृत्यूची जुनी व्याख्या धरून बसलं तर प्रत्यारोपणासाठी अवयव मिळवताना वाद होतात. या प्रामाणिकपणाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण मृत्यूची व्याख्या बदलण्याच्या कारणांमध्ये अवयवांची गरज एकदा लिहिली गेली, ती पुसता आली नाही. पुढच्या प्रत्येक संशयखोर नातेवाइकाला तिथे बोट ठेवायला जागा मिळाली.

आपल्याकडे कायदा आला तो १९९४ साली, आणि त्यात महाराष्ट्र-गोव्याचा वाटा थेट आहे. आरोग्य हा राज्यांचा विषय. संसदेनं त्यावर कायदा करायचा तर राज्यांनी तसा ठराव करावा लागतो. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन विधानसभांनी तो केला. ४ फेब्रुवारी १९९५ पासून मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा या तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. किडन्यांचा बाजार तेव्हा देशभर बोकाळला होता आणि त्याला आळा घालणं हा मुख्य हेतू होता. त्याच कायद्यात, जवळजवळ ओघात, मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूची व्याख्या आली.

इथे एक गोम आहे, आणि माझ्या मते या सगळ्या पुस्तकाची कळ तीच आहे. व्याख्या आली ती फक्त अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यात मृत्यू म्हणजे जिवंतपणाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणं. हृदय धडधडतंय ही खूण आहे की नाही, हे तो सांगत नाही. त्यामुळे घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला तर माणूस मेलेला असतो: कागद तयार होतात, वेळ पडते, शस्त्रक्रिया होते. नकार दिला तर? व्हेंटिलेटर काढावा की नाही, काढला तर उद्या पोलिसांत तक्रार होईल का, या विचारानं डॉक्टर हात आखडता घेतात. मग औषधं वाढवायची नाहीत एवढंच ठरतं आणि हृदय आपोआप थांबायची वाट बघितली जाते. कधी तासांत, कधी दिवसांत. नाहीतर घरचे ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ असं लिहून देतात. अॅम्ब्युलन्समध्ये कोणीतरी अंबू बॅग दाबत बसतं, गाडी गावाकडे निघते, आणि घराच्या ओट्यावर नळी काढली की लोक म्हणतात, ‘घरी आल्यावर प्राण सोडला.’

घरच्यांच्या बाजूनं हे कसं दिसतं बघा. काल संध्याकाळपर्यंत ‘प्रयत्न चालू आहेत’. आज सकाळी ‘ब्रेन डेड’. दुपारी समाजसेवा विभागातल्या बाई किंवा ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर अवयवदानाबद्दल बोलायला येतात. २०११ च्या दुरुस्तीनंतर तसं विचारणं हे कर्तव्यच झालं आहे, आणि ही मंडळी आपलं काम फार जपून, फार मायेनं करतात. पण ‘नाही’ म्हटल्यावर पुन्हा सगळी यंत्रं तशीच चालू राहतात! मग मघाशी तो मेला होता तो कशासाठी? आपल्या सहीवर माणसाचं मेलेलं असणं अवलंबून आहे, असं ज्याला एकदा वाटलं त्याची समजूत न्यूरॉलॉजी सांगून पटत नाही.

खरं तर तपासणी इतकी काटेकोर आहे की ती घरच्यांनी पाहिली तर निम्मे वाद होणार नाहीत, असं मला वाटतं. कायदा चार डॉक्टर मागतो: हॉस्पिटलचा प्रमुख, नेमलेल्या यादीतला एक तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचा सर्जन (तो मिळाला नाही तर भूलतज्ज्ञ, सर्जन किंवा फिजिशियन) आणि उपचार करणारा डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला कोणी त्यात चालत नाही. तपासणी दोनदा, मध्ये किमान सहा तास. त्याआधी अंग पुरेसं गरम आहे, झोपेची किंवा भुलीची औषधं शरीरात उरलेली नाहीत, रक्तातले क्षार ठिकाणावर आहेत, हे बघायचं, कारण थंडगार पडलेला किंवा गुंगीतला माणूस मेंदूमृतासारखा दिसू शकतो. मग बॅटरीचा झोत बाहुल्यांवर. बुबुळाला कापसाचं टोक. कानात बर्फाचं पाणी, कारण मस्तिष्कस्तंभात थोडा जरी जीव असेल तर डोळे हलतात. घशातल्या नळीतून सक्शनची नळी खोल घालून खोकला येतो का ते.

आणि सगळ्यात शेवटी श्वासाची परीक्षा. आधी काही मिनिटं शंभर टक्के प्राणवायू देतात. मग व्हेंटिलेटर सोडवतात आणि एका बारीक नळीतून प्राणवायू नुसता आत सोडत ठेवतात, म्हणजे प्राणवायूअभावी इजा होऊ नये. अंगावरचं पांघरूण काढून छाती-पोट उघडं करतात. आठ-दहा मिनिटं सगळे तिकडे बघत उभे राहतात. श्वास नसल्यानं रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. श्वासकेंद्राला उठवणारा याच्याइतका जोरदार धक्का निसर्गात दुसरा नाही. आपण पाण्याखाली दम कोंडून धरतो तेव्हा छाती फुटेल असं वाटतं ते त्याच्यामुळे. त्याचा दाब साठ मिलिमीटरवर गेला तरी छाती हलली नाही, तर श्वास नाही. रक्त तपासून आकडा लिहितात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात नातेवाइकांना ही तपासणी शेजारी उभं राहून बघू दिली. त्यांना मेंदूचा मृत्यू म्हणजे काय ते नीट उमगलं, आणि बघण्यामुळे त्यांच्या मनावर जास्तीचा आघात झाल्याचं दिसलं नाही. आपल्याकडे मात्र नेमक्या त्याच वेळी पडदा ओढून नातेवाइकांना बाहेर पाठवण्याची रीत आहे.

बाहेर बसलेल्यांना मग दिसतं ते वेगळंच. पायाची बोटं हलली. हात उचलला गेला. कधी कधी दोन्ही हात छातीवर जुळल्यासारखे येतात. बायबलमधल्या लाझरसचं नाव डॉक्टरांनी त्या हालचालीला दिलं आहे. हे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचं काम. तिथे मेंदूची गरज नसते. पण आईनं मुलाचा हात हललेला बघितल्यावर तिला मज्जारज्जू समजावून सांगायला जाणारा रेसिडेंट डॉक्टर पंचवीस वर्षांचा असतो, रात्रभर जागलेला असतो, आणि त्याला आणखी सहा पेशंट असतात. त्यात अरुणा शानबाग सगळ्यांना आठवतात. केईएमच्या या परिचारिका १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांना जपलं. ‘त्या एवढी वर्षं राहिल्या, मग आमचा का नाही?’ त्या स्वतःचा श्वास स्वतः घेत होत्या. त्या मेंदूमृत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात स्पष्ट म्हटलं होतं. कोमा, जाणीव हरपलेली दीर्घ अवस्था आणि मेंदूचा मृत्यू या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. वर्तमानपत्रं त्या सर्रास एकीत एक मिसळतात.

इथवर मी डॉक्टरांची बाजू लावून धरली. आता दुसरी. घरच्यांची शंका दोन प्रकारची असते. ‘तपासणीत चूक झाली असेल’ ही पहिली. तिला उत्तर आहे, पुन्हा तपासा. ‘तुमची तपासणी बरोबर असेल, पण याला आम्ही मृत्यू मानत नाही’ ही दुसरी. तिला यंत्रानं उत्तर देता येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड शहरातलं जाही मॅकमॅथचं प्रकरण म्हणून इतकं गाजलं. तेरा वर्षांची मुलगी. झोपेत श्वास अडकतो म्हणून ९ डिसेंबर २०१३ ला टॉन्सिलसह घशाची शस्त्रक्रिया झाली. नंतर बेसुमार रक्तस्राव, हृदय बंद, आणि १२ डिसेंबरला मेंदूमृत असल्याचं जाहीर झालं. आईनं ते मानलं नाही. कोर्टानं स्टॅनफर्डचा तज्ज्ञ नेमला. त्याचा निष्कर्ष तोच. मृत्यूचा दाखला निघाला. आणि जानेवारीत, दाखला निघालेल्या मुलीला व्हेंटिलेटरसह विमानानं न्यू जर्सीला नेलं गेलं. का, तर न्यू जर्सीच्या १९९१ च्या कायद्यात धार्मिक श्रद्धेच्या आधारे मेंदूमृत्यू नाकारता येतो. तिथे हृदय थांबेपर्यंत माणूस जिवंत. ती आणखी साडेचार वर्षं राहिली. वयात आली, पाळी सुरू झाली. अॅलन शूमन या नामवंत मेंदूविकारतज्ज्ञानं व्हिडिओ आणि तपासण्या अभ्यासून ती अधूनमधून आज्ञेला प्रतिसाद देते असं मत मांडलं. बहुतेक तज्ज्ञांना ते पटलं नाही. जून २०१८ मध्ये तिचं हृदय थांबलं आणि दुसरा दाखला निघाला. एका मुलीचे मृत्यू दोन, तारखा दोन, राज्यं दोन.

त्याच डिसेंबरात टेक्ससमध्ये याच्या उलटं घडत होतं, आणि ते फार कमी जणांना आठवतं. तिथली मेंदूमृत बाई गरोदर होती. नवरा म्हणत होता, ती गेली, यंत्र काढा. हॉस्पिटल म्हणत होतं, गर्भ पोटात आहे, राज्याच्या कायद्यानं काढता येत नाही. जानेवारी २०१४ मध्ये न्यायाधीशांनी नवऱ्याच्या बाजूनं निकाल दिला: मेलेल्या माणसाला पेशंट म्हणता येत नाही. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की ‘घरचे भावनेच्या आहारी जातात आणि हॉस्पिटल विज्ञानानं चालतं’ हा सोयीचा समज टिकत नाही.

माझं मत विचाराल तर नीट तपासलेला मेंदूमृत माणूस परत येत नाही, यात मला शंका नाही. पण ‘परत येणार नाही’ आणि ‘मेलेला आहे’ यांच्यामध्ये समाजानं मारलेली एक रेघ आहे, आणि ती रेघ प्रत्येकानं वेगळी मारली आहे. ब्रिटनमध्ये तपासणी दोनदा करतात, पण मृत्यूची वेळ पहिल्या तपासणीची धरतात. जपाननं तर उघडच लिहिलं. तिथे ऑगस्ट १९६८ मध्ये साप्पोरोला जुरो वाडा यांनी हृदय बदललं, त्यांच्यावर खुनाचा आरोप झाला, खटला उभा राहिला नाही, पण लोकांचा विश्वास असा उडाला की पुढची तीस वर्षं देशात हृदयप्रत्यारोपण झालं नाही. १९९७ चा जपानी कायदा सांगत होता की माणसानं अवयवदानाची लेखी इच्छा ठेवलेली असेल आणि घरच्यांची हरकत नसेल, तरच मेंदूचा मृत्यू हा मृत्यू. २०१० पासून ही अट सैल झाली. आपल्याकडे असं कुठे लिहिलेलं नाही, पण वॉर्डात चालतं तेच. फरक एवढाच की जपान्यांनी ते संसदेत चर्चा करून स्वीकारलं होतं.

पैशाचं बोलल्याशिवाय महाराष्ट्रात हा विषय पुरा होत नाही. ‘बिल वाढवायला मशीनवर ठेवलंय’ हे वाक्य आणि ‘अवयव काढायला मेला म्हणतात’ हे वाक्य एकाच पॅसेजमध्ये, कधी एकाच घरातल्या दोन भावांकडून ऐकू येतं. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, पण संशयाला तर्क लागत नाही. ‘गब्बर इज बॅक’ या सिनेमात मेलेल्या माणसावर उपचार करून पैसे उकळणारं हॉस्पिटल दाखवलं होतं. डॉक्टर मंडळी अजून त्या प्रसंगाच्या नावानं बोटं मोडतात. त्यांचा राग रास्त आहे. पण खाजगी हॉस्पिटलात रोजचं डिपॉझिट भरल्याशिवाय औषध वर येत नाही हा अनुभव गाठीशी नसता तर तो प्रसंग लोकांना इतका खरा वाटला नसता.

आणि मग तारखेचा प्रश्न. हा डॉक्टरांना सुचतही नाही. दशक्रिया कोणत्या दिवसापासून मोजायची? वर्षश्राद्धाची तिथी कोणती, चार डॉक्टरांनी सह्या केल्या ती की नळी काढली ती? मधे अमावास्या किंवा पंचक येत असेल तर घरातली वडीलधारी माणसं यावर अडून बसतात. विमा कंपनीला दाखल्यावरची तारीख हवी असते. अपघात असेल तर पोलीस पंचनामा, पोस्टमॉर्टेम. ‘मामा नाशिकहून निघालेत, ते येईपर्यंत थांबा’ ही विनंती डॉक्टरांना वेळकाढूपणा वाटते. घरच्यांच्या लेखी मामा येऊन बघेपर्यंत माणूस गेलेलाच नसतो. माझ्या मते हे थांबणं द्यावं. अवयव टिकवण्याची घाई खरी आहे, पण अवयवदानाचा विषय निघण्याआधीच्या त्या काही तासांत जे कमावलं जातं ते नंतरच्या कोणत्याही समुपदेशनानं मिळत नाही.

केरळनं २०२० साली मेंदूमृत्यू ठरवण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मृत्यू जाहीर करणं अवयवदानापासून सोडवून घेतलं: दान होवो न होवो, निकष पुरे झाले की मृत्यू. तिथेही वाद थांबलेले नाहीत. तरी दिशा मला योग्य वाटते. ज्या तीन राज्यांच्या ठरावावर मूळ कायदा उभा राहिला त्यांतल्या महाराष्ट्रानं आणि गोव्यानं हे आधी करायला हवं होतं. तोवर नातेवाइकांनी निदान इतकं मागावं: चार डॉक्टर कोण आहेत त्यांची नावं, दोन्ही तपासण्यांच्या वेळा, कार्बन डायऑक्साइडचा आकडा, आणि दुसऱ्या तपासणीला घरातल्या एकाला आत उभं राहू देणं. यांतली नावं आणि वेळा नियमांतल्या दहा नंबरच्या फॉर्मवर लिहायच्याच असतात. दानाला नकार देणाऱ्या घरालाही तो फॉर्म भरून दाखवायला काय हरकत आहे, याचं पटण्यासारखं कारण मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

पुढची प्रकरणं तारखेच्या क्रमानं लावलेली आहेत, पण त्याच क्रमानं वाचायला हवीत असं नाही. ऑकलंडची हकिगत ज्यांच्या परिचयाची आहे त्यांनी ती ओलांडून थेट भारतीय कायद्याच्या भागाकडे गेलं तरी चालेल. आणि ज्यांचं कोणी या घडीला आयसीयूत आहे त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून तपासणीवरचं प्रकरण आधी वाचावं.